सेकंडहँड तुणतुण्याचा सूर सारखा उतरतो? आधी पेन्सिल घ्या

आमच्याकडं बेळगावात शिवजयंती वैशाखात होते. तिच्या आधी महिनाभर आणि पुन्हा गणपतीच्या तोंडावर माझ्याकडं जुनी तुणतुणी यायला लागतात. येळ्ळूर, उचगाव, किणये, खानापूर, कधी थेट निपाणीहून. आणणारी बहुतेक शाळा-कॉलेजातली पोरं. पोवाड्याच्या पथकात शिरलेली असतात, कुणाच्या तरी माळ्यावरचं नाहीतर भंगारवाल्याकडचं तुणतुणं घेतलेलं असतं आणि तक्रार ठरलेली असते, "मामा, सूर थांबत नाही. तार बदलली तरी उतरतोय."

तार बदलली, हेच पहिलं सांगतात. सूर उतरला की दोष तारेवर ढकलायचा ही सवय सगळ्यांचीच. पण तुणतुण्यात तार ही मधली गोष्ट आहे. वरच्या टोकाला खुंटी, खालच्या टोकाला कातड्याचं पान, आणि ही दोन टोकं एकमेकांपासून लांब धरून ठेवणारी बांबूची काठी. यातलं काहीही केसभर सरकलं तरी सूर खाली येतो आणि कानाला सगळे दोष सारखेच ऐकू येतात. म्हणून कानावर विसंबू नका. कुठं सरकलं ते डोळ्यांनी बघा. त्यासाठी पेन्सिल लागते, ती कशी वापरायची ते पुढं येईल.

ज्यांनी नुकतंच घेतलंय त्यांच्यासाठी रचना थोडक्यात. लाकडाचं पोकळ नळकांडं, वरून उघडं, खालचं तोंड कातड्यानं मढवलेलं. त्या कातड्याला मी पान म्हणतो, ढोलकीवाले म्हणतात तसं. नळकांड्याला बाहेरून बांबूची काठी ठोकलेली, तिच्या वरच्या टोकाला खुंटी. तार पानाच्या मध्यातल्या भोकातून निघते, नळकांड्याच्या पोकळीतून वर येते आणि खुंटीला गुंडाळली जाते. पानाच्या बाहेरच्या अंगाला तारेला एक चकती किंवा बटण बांधलेलं असतं, त्यावर सगळी ओढ तोलली जाते. यल्लम्माच्या जोगत्यांकडं दिसतं ते चौंडकं याच घराण्यातलं, पण त्याला तात, म्हणजे आतड्याची दोरी असते आणि त्याचं काम निराळं. विकणारे दोन्हीला तुणतुणंच म्हणतात. तुमच्या हातात चौंडकं आलं असेल तर खालचं तारेबद्दलचं काही त्याला लावू नका.

लक्षणं

नेमकं काय होतंय ते आधी ठरवा. "सूर उतरतो" एवढ्यानं भागत नाही.

- वाजवता वाजवता हळूहळू उतरतो, पाच-दहा मिनिटांत अर्धा सूर खाली.
- एकदम उतरतो, कधी कर्र असा आवाज येऊन.
- सूर धरतो, पण छेडल्या छेडल्या वर आणि मग खाली असा हलतो. मोबाईलवरचा ट्यूनर एका जागी ठरत नाही.
- सकाळी बरा, संध्याकाळी गेला. पावसाळ्यात तर आवाजच भद्द, कातड्यावर ओलं फडकं टाकल्यासारखा.
- हवा तेवढा सूर चढतच नाही. खुंटी पिळत राहावी लागते, आणि शेवटी तार तुटते.
- तार दर वेळी त्याच जागी तुटते.
- सूर ठीक, पण खरखर येते.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र असू शकतात, जुन्या वाद्यात असतातच. तरीही तपासणी वरपासून क्रमानं करा. मधली पायरी ओलांडून थेट पान मढवायला गेलेली माणसं मला माहीत आहेत. नवं पान बसवून आणतात आणि सूर तसाच उतरतो, कारण खुंटी जुनीच.

पहिलं, फुकटचं: हात आणि पट्टी

शिकणाऱ्याचा हात हाच निम्म्या वेळा दोषी असतो. पोरं काठी अगदी वर, खुंटीजवळ, मुठीत आवळून धरतात आणि जोर आला की काठी स्वतःकडं ओढतात. बांबू लवचिक असतो. काठीचं टोक नळकांड्याकडं झुकलं की तार ढिली पडते, सूर खाली. हात सैल केला की परत वर. असं आपल्या हातानं होतंय का ते कळायला सोपा उपाय आहे. नळकांडं मांडीवर किंवा कुशीत टेकवा, काठीला हात न लावता तार छेडा. आता सूर स्थिर असेल तर वाद्य ठीक आहे, धरण्याची सवय बदला. काठी खाली, नळकांड्याच्या जवळ धरायची, आणि आधार देण्यापुरतीच.

दुसरी गोष्ट छेडण्याची. जोरात छेडलं की तार पहिल्या क्षणी जास्त ताणली जाते, सूर चढा लागतो आणि मग खाली येऊन ठरतो. ट्यूनरचा काटा नाचतो तो याच्यामुळं. हलक्या हातानं छेडा, क्षणभर थांबा आणि मग ट्यूनर बघा. वाजवतानाही तुणतुण्याला जोर लागत नाही. सूर आणि लय धरून ठेवणं एवढंच त्याचं काम. आवाज कमी पडत असेल तर माईक जवळ घ्या.

तिसरी, पट्टी, म्हणजे वाद्य कोणत्या सुराला लावायचं ते. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त वाद्यं यातच मरतात.

शाहीर चढ्या आवाजात गातो. पथकातला पेटीवाला म्हणतो पांढरी चार, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीचा सूर, आणि पोरगं तुणतुणं पांढरी चारला चढवायला बसतं. ते तुणतुणं मात्र आयुष्यभर काळी एकला वाजलेलं असतं. काळी एक ते पांढरी चार म्हणजे चार अर्धे सूर. ऐकायला थोडं वाटतं, पण तारेची ओढ दीडपटीहून जास्त होते. एक अर्धा सूर चढवला तरी ओढ साधारण १२ टक्के वाढते. सूर दुप्पट उंच, म्हणजे एक सप्तक वर न्यायचा तर ओढ चौपट लागते. दोन फूट मोकळ्या लांबीची ३० नंबरची पोलादी तार पुरुषाच्या आवाजातल्या पांढरी चारला लावली तर पानाच्या मध्यावर जवळजवळ तीन किलोची ओढ येते. धड पान ती सोसतं. वीस वर्षं माळ्यावर पडलेलं पान सोसेलच असं नाही.

म्हणून जुनं तुणतुणं हाती आलं की पहिले काही दिवस त्याचा स्वतःचा सूर शोधा. ढिल्या तारेपासून हळूहळू चढवत जा. एका जागी आवाज मोकळा आणि भरीव होतो, पान बोलायला लागतं. त्याच्या वर गेलं की आवाज बारीक आणि कडक होत जातो. ती मोकळी जागा काळी एक-काळी दोनच्या आसपास आली तर सरावापुरतं तिथंच ठेवा. तुम्हाला शिकायचंय, उद्या फडावर उभं राहायचं नाही. पथकासाठी पांढरी चार हवंच असेल तर बारीक तार लावा, ते पुढं तारेत सांगतो.

दुसरं: खरखर

हे पटकन उरकण्यासारखं आहे. खुंटीवरच्या तारेचं उरलेलं शेपूट काठीला लागतंय का बघा, कापून टाका. तार नळकांड्याच्या वरच्या काठाला चाटून जाते का बघा. जात असेल तर काठी वाकली आहे किंवा पानातलं भोक मध्यातून सरकलंय, दोन्हीबद्दल पुढं येईल. एखादा खिळा सैल असेल, कुणी हौसेनं बांधलेलं घुंगरू असेल. प्रत्येकावर बोट दाबून तार छेडा. ज्यावर बोट ठेवल्यावर खरखर थांबते, तो दोषी.

तिसरं: पेन्सिलची खूण

आता खरी तपासणी. तुणतुणं सुरात लावा आणि तीन खुणा करा. एक, खुंटीवरून काठीवर जाणारी सरळ रेघ, म्हणजे खुंटी फिरली तर रेघ तुटेल. दोन, पानाखाली बटणाजवळ तारेचा पीळ जिथं संपतो तिथं तारेवर टिपका. तारेवर पेन्सिल उमटत नाही, तिथं मार्करचा टिपका द्या. तीन, काठी आणि नळकांडं जिथं एकमेकांना टेकतात तिथं दोन्हींवरून जाणारी आडवी रेघ.

मग दहा-पंधरा मिनिटं वाजवा. सूर उतरू द्या. उतरला की खुणा बघा.

खुंटीची रेघ तुटली तर खुंटी फिरते. तारेचा टिपका पिळापासून पुढं सरकला तर खालची गाठ सुटते. काठीवरची रेघ तुटली तर काठी सरकते. तिन्ही जागच्या जागी असतील तर उरलं पान, किंवा खुंटीवरचे वेढे, किंवा तार स्वतःच लांबतेय. एवढ्यानं निम्मं काम झालं. या खुणा केल्याशिवाय पैसे खर्च करू नका.

खुंटी

खुंटी निमुळती असते आणि काठीतल्या भोकात निव्वळ घर्षणावर बसते. जुन्या वाद्यात ती गुळगुळीत झालेली असते. त्यात भर म्हणून आधीच्या मालकानं "फिरवायला जड जाते" म्हणून तेल सोडलेलं असतं. तेल दिसलं तर खुंटी काढून सुक्या फडक्यानं पुसा, भोकातही फडक्याची पीळ घालून पुसा, आणि उन्हात एक दिवस राहू द्या. मग शाळेतला साधा खडू खुंटीवर जिथं ती भोकाला घासते तिथं चोळा. खडूनं पकड येते. फारच अडायला लागली, झटके देत फिरायला लागली, तर त्याच जागी कोरड्या साबणाचा अगदी हलका हात फिरवा. खडू आणि साबण यांचा मेळ जमला की खुंटी गोड फिरते आणि जिथं सोडाल तिथं थांबते. खडूऐवजी राळेची पूड लावणारे आहेत, चालते, पण राळ जास्त झाली तर खुंटी चिकटून बसते आणि मग पक्कड लागते. पक्कड लागली की खुंटीचं डोकं मोडलंच म्हणून समजा.

फिरवताना खुंटी आत दाबत फिरवायची. नवीन शिकणारे नुसती फिरवतात, त्यामुळं ती हळूहळू बाहेर येते.

भोकाच्या दोन्ही बाजूंनी बांबू उभा तडकलेला दिसला तर खडू काही करणार नाही, कारण खुंटी दाबली की तडा उघडतो. तडा केसासारखा बारीक असेल तर त्यात पातळ फेविकॉल सोडा, भोकाच्या वर आणि खाली बळकट दोऱ्याचे घट्ट वेढे द्या, वेढ्यांवर परत फेविकॉल, आणि दोन दिवस तार न लावता ठेवा. तड्यात नखाचं टोक जात असेल तर हा उपाय करू नका. काठीच बदलायला हवी, ते सुताराचं काम.

तार

रेघा जागच्या जागी आहेत, पान ठणठणीत आहे, तरी सूर हळूहळू उतरतो. आता तार बघा. कशाची आहे?

मी उघडलेल्या जुन्या तुणतुण्यांत दोन प्रकारच्या चुकीच्या तारा वारंवार सापडतात. एक बांधकामावरची बाइंडिंग वायर. ती मुद्दाम मऊ केलेली असते, सळ्या बांधायला हातानं वाकली पाहिजे म्हणून. अशी तार ताणली की लांबते आणि लांबलेली परत येत नाही. सूर उतरत राहतो, तुम्ही पिळत राहता, शेवटी तुटते. दुसरी, गाडीच्या ब्रेक केबलमधला सोडवलेला एक पदर. तो कडक असतो, तुटत नाही, म्हणून लोकांना आवडतो. पण केबलमधला असल्यामुळं त्याला कायमची पीळ असते, सरळ कधीच होत नाही. वाकडी तार एका सुरात कंपत नाही, ट्यूनर कधी या सुराला तर कधी त्या सुराला जातो. कान तयार नसलेल्या पोराला वाटतं आपल्यालाच कळत नाही. कान ठीक आहे, तार बदल.

वाद्याची पोलादी तारच घ्या. तारेचा नंबर जसा वाढतो तशी तार बारीक होते, हे दुकानात उलटं समजू नका. ३२ नंबर ही पाव मिलिमीटरहून किंचित जाड, २८ नंबर पाऊण मिलिमीटरच्या निम्मी. फरक डोळ्याला जेमतेम दिसतो, पण त्याच सुराला २८ नंबरची तार पानावर ३२ च्या जवळजवळ दुप्पट ओढ टाकते. म्हणून चढी पट्टी हवी असेल तर ३२, सराव खालच्या पट्टीत असेल तर ३०. २८ च्या जाड तारेचा आवाज मोठा येतो खरा, पण ती नव्या, जाड पानासाठी राहू द्या.

तार मिळवायची तर मिरज. बेळगावहून गाडीत बसलं की घटप्रभा, रायबाग, कुडची करत सरळ मिरज. तंबोरा-सतारीचं गाव, तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तार तिथं नंबर सांगून सुटी मिळते. मात्र तिथल्या कारागिराकडं तुणतुण्याचं पान घेऊन जाऊ नका. भोपळ्याचं आणि जवारीचं, म्हणजे तारेखालची घोडी घासायचं, काम करणारा माणूस तो, कातड्याशी त्याचा संबंध नाही.

तार चढवताना चेहरा बाजूला ठेवा. तुटलेली पोलादी तार डोळ्यावर येते. पोरांना चष्मा घालायला सांगतो, हसतात, पण घालतात.

खुंटीवर तीन-चार वेढे एकाशेजारी एक बसले पाहिजेत. एकावर एक चढलेले वेढे वाजवताना घसरून बसतात आणि सूर उतरतो. नव्या तारेचा सूर पहिल्या दिवशी उतरणारच, वेढे आणि खालची गाठ आवळत असतात. बोटानं तार हलकेच बाजूला ओढा, परत सुरात लावा, परत ओढा. थोड्या वेळानं ओढूनही उतरायचा थांबतो. त्याआधी "नवी तारही खराब" असा निकाल देऊ नका.

तार एकाच जागी तुटत असेल तर ती जागा बघा. खुंटीच्या भोकाची धार असेल तर पॉलिश पेपरची बारीक गुंडाळी घालून ती मोडा. पानाच्या भोकापाशी तुटत असेल तर तिथं गंज असतो. हाताचा घाम आणि कातड्यातला ओलावा दोन्ही तिथंच जमतात.

गाठ आणि चकती

तुणतुणं उलटं करा. पानाच्या मध्यावर काय आहे? बटण, वॉशर, जुनं नाणं, काहीही असू शकतं. लोखंडी वॉशर थेट कातड्यावर असेल तर त्याची कड रोज थोडी थोडी पान कापते. भोक मोठं होतं, एके दिवशी वॉशर आत घुसतो आणि तार हातात येते. चकतीखाली चामड्याचा गोल तुकडा हवा, चकतीपेक्षा बोटभर मोठा. चप्पल शिवणाऱ्याकडं असा तुकडा मिळतो. ओढ पसरते, भोक वाचतं.

बटण घ्यायचं तर कोटाचं, जाड, दोन भोकांचं. तार एका भोकातून घालून दुसऱ्यातून काढा, मग दोन्ही पदर एकमेकांना सारखाच पीळ देत पाच-सहा वळसे घ्या. एक पदर सरळ आणि दुसरा त्याच्याभोवती गुंडाळलेला असेल तर तो घसरतो. तारेवरचा टिपका पुढं सरकतो तो याच चुकीच्या पिळानं. शेवटी दोन वेढे घट्ट आडवे, आणि टोक आत वळवा, बोट कापत नाही.

हे करताना पानावरचं भोकही बघा. तूरडाळीच्या दाण्याएवढं असेल तर चामड्याच्या चकतीनं निभावतं. करंगळीचं टोक आत जात असेल, किंवा भोकापासून चीर निघालेली असेल, तर थांबा. तार उतरवा आणि पान बदलायला न्या. चीर फेविक्विकनं चिकटवलेली पानं येतात माझ्याकडं. चिकटवलेली जागा कडक होते आणि चीर तिच्या कडेनं पुढं जाते.

पान

खुणा हलल्या नाहीत, तार नवी, गाठ पक्की. मग पान.

कातडं हवेतला ओलावा पितं आणि ढिलं पडतं. कोरडं झालं की ताणतं. बेळगाव जिल्ह्यात याचा त्रास गावागणिक वेगळा आहे. अथणी-रायबागकडचं तुणतुणं बहुतेक वर्षभर सुरात असतं. कणकुंबी-जांबोटीकडं पावसाळ्याचे चार महिने तेच वाद्य मुकं होतं. अथणीच्या बाजूला घेतलेलं तुणतुणं जुलैत खानापूरला आणलं आणि भद्द झालं, तर ते बिघडलेलं नाही. सुकू द्या आधी.

सुकवायचं कसं, तर तार ढिली करून. हा नियम पाळाच. सकाळच्या कोवळ्या उन्हात पान वर करून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. पावसात ऊन नसेल तर कोरड्या खोलीत, पंख्याखाली, एक रात्र. चुलीवर, शेगडीवर, हेअर ड्रायरनं नाही. हलगीवाले जाळावर हलगी शेकतात ते बघून पोरं तुणतुणंही शेकतात. हलगीच्या पानाला मध्यातून ओढणारी तार नसते. तुणतुण्याचं पान मध्यातून तारेनं आत खेचलेलं, कडेनं घट्ट धरलेलं, त्यात जाळाच्या धगीनं आकसलं की कडेच्या खिळ्यांपाशी नाहीतर मध्याच्या भोकापाशी फाटतं.

सुकवूनही सूर टिकत नसेल तर ही परीक्षा करा. तार सुरात असताना उलटं करून पानावर आडवी मोजपट्टी ठेवा. मध्याशी पान आत खेचलेलं दिसेल. उथळ खळगा असेल तर ठीक. नरसाळ्यासारखा खोल गेला असेल तर तार पूर्ण ढिली करा, कोरड्या जागी रात्रभर ठेवा आणि सकाळी परत मोजपट्टी लावा. पान सपाटीला आलं असेल तर त्यात अजून जीव आहे, बारीक तार लावा आणि खालच्या पट्टीत वाजवा. खळगा तसाच राहिला असेल तर पान संपलं. ते दर वेळी थोडं थोडं लांबत जाणार आणि तुम्ही खुंटी पिळत राहणार.

काही तुणतुण्यांचं पान चामड्याच्या वादीनं ओढलेलं असतं, ते आवळता येतं. पण एकाच बाजूनं आवळलं तर भोक मध्यातून सरकतं आणि तार काठाला लागायला सुरुवात होते. वादी आवळायचा हात नसेल तर लावू नका. खिळ्यांनी किंवा डिंकानं बसवलेलं पान घरी आवळता येत नाही.

वाजवून झालं की तार थोडी उतरवून ठेवा, विशेषतः पावसाळ्यात. पूर्ण सैल नको, बटण सरकतं. दोन-तीन सूर खाली पुरे.

अजून एक. नळकांड्यावर हळद-कुंकवाचे थर असतात. गोंधळ्याच्या घरातलं वाद्य असेल तर पूजेतलं असतं. "घाण झालंय" म्हणून ओल्या फडक्यानं घासू नका. कडेचं कातडं भिजून सुटतं, हा एक मुद्दा. दुसरा, ज्याच्या घरातून आणलं त्याला उघडण्याआधी एकदा विचारा. मला असं वाद्य कुणी आणून दिलं तर मी विचारल्याशिवाय खिळ्याला हात लावत नाही.

काठी

आडवी रेघ तुटली असेल तर खिळे सैल झालेत. जुन्याच भोकात मोठा खिळा ठोकायचा मोह होतो. नळकांडं पातळ असतं, तडकतं. खिळे तसेच राहू द्या आणि काठीसकट नळकांड्याला वर-खाली दोन जागी बळकट सुतळीचे आवळून वेढे द्या. बहुतेक वेळा एवढ्यानं थांबतं. वेढे देऊनही तार चढवली की काठी आणि नळकांडं यांत फट दिसत असेल तर सुताराकडं.

काठी पुढं वाकलेली असेल आणि तार उतरवल्यावर सरळ होत नसेल तर तो बांबू गेला. नवी काठी जून, वाळलेल्या बांबूची हवी. हिरवा बांबू बसवला तर तो वाळताना वाकतो.

इथं थांबा

खालचं काही दिसलं तर घरी पुढं जाऊ नका.

पान कडेनं सुटलंय, किंवा मध्यातून चीर गेली आहे. ढोलकी-तबला मढवणाऱ्याकडं न्या. तुणतुणं मढवणार का हे आधी विचारा, सगळे घेत नाहीत. जाताना जुनं पान आणि जुनी चकती बरोबर न्या, जाडीचा अंदाज त्यावरून येतो. आणि पट्टी सांगा. "पांढरी चारला लावायचंय" एवढं म्हणालात तर त्याला काय हवं ते कळतं.

नळकांड्याला तडा आहे आणि तो पानाच्या कडेपर्यंत पोचलाय. ताणाखाली तो वाढणारच. आधी सुतार, मग मढवणारा, याच क्रमानं. उलटं केलंत तर मढवण्याचे पैसे दोनदा जातात.

नळकांड्याच्या आत भुसा पडतोय, बारीक भोकं दिसतात. कीड आहे. हे वाद्य घरातल्या दुसऱ्या लाकडी वाद्यांजवळ ठेवू नका, आणि ते विकत घेतलं नसेल तर घेऊ नका.

मढवून आणल्यावर पोरं त्याच संध्याकाळी पट्टीला चढवतात. नको. नवं पान आधी दोन-तीन दिवस अर्ध्या ओढीवर राहू द्या. मग रोज एक अर्धा सूर वर. या दिवसांत ते रोज उतरेल, रोज लावा. पट्टीला पोचल्यावर तिन्ही खुणा नव्यानं करून ठेवा, पुढच्या वेळी माझ्याकडं यायच्या आधी त्या बघून या.